स्टार्चची फिल्म का तडकते, पीएलए चिकट का राहतं: वनस्पतिजन्य प्लॅस्टिक आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न असा होता: स्टार्च, ग्लिसरीन आणि व्हिनेगर उकळून केलेली फिल्म आठवड्याभरात तडकली. मग लॅक्टिक आम्ल तापवून पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लॅस्टिक, करायचा प्रयत्न केला, तर गार झाल्यावर मधासारखा पिवळा, चिकट गोळा हाती आला. वनस्पतींपासून मिळणाऱ्या रसायनांचं टिकाऊ प्लॅस्टिक कॉलेजच्या प्रयोगशाळेत होऊ शकतं का? आणि चूक नेमकी कुठे होते?

होऊ शकतं. दोन्ही प्रयोग फसले ते पाण्यामुळे. पहिल्यात पाणी निघून गेलं, दुसऱ्यात ते पुरेसं निघालं नाही. या कामात तापमान, उत्प्रेरक, काचसामान हे सगळं लागतंच, पण वही उघडून हिशेब ठेवायचा तो पाण्याचा.

आधी फिल्मचं बघू, कारण ते लवकर आटपतं. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. त्यातून सुट्या झालेल्या लांब साखळ्यांची फिल्म बनते. वाळल्यावर पाणी जातं आणि या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या रचना करतात. त्या जितक्या वाढतील तितकी फिल्म कडक होते. ग्लिसरीन साखळ्यांच्या मध्ये बसून हे लांबवतं, थांबवत नाही. १० ग्रॅम स्टार्चला १०० मिली पाणी आणि ३ ग्रॅम ग्लिसरीन हे प्रमाण ठेवा. २ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर फिल्म काचेसारखी तुटते, ५ ग्रॅमच्या वर गेलात तर दमट हवेत ती ओलसर चिकट होते. मिश्रण ९० अंशांच्या आसपास १५ मिनिटं सतत ढवळा. पांढरट गढूळपणा जाऊन ते काचेसारखं पारभासक दिसलं की कण पूर्ण फुटले असं समजायचं. बहुतेकांची फिल्म इथेच बिघडते: घट्ट झालं म्हणून लगेच गॅस बंद केला जातो, आत अर्धे कच्चे कण राहतात आणि वाळताना भेगा नेमक्या त्यांच्यापासून सुरू होतात. व्हिनेगर साखळ्या थोड्या तोडून मिश्रण पातळ करतं. ५ मिली पुरे, नाही घातलं तरी चालतं. २० बाय ३० सेंमीच्या सपाट ताटात हे सगळं ओतलं तर वाळल्यावर साधारण ०.१५ मिमी जाडीची फिल्म मिळते. ४० ते ५० अंशांना सावकाश वाळवा. उन्हात किंवा पंख्याखाली कडा आधी आकसतात आणि मधला भाग फाटतो.

इतकं करूनही ती फिल्म पाण्यात टाकली की लोळागोळा होणारच. स्टार्चच्या प्रत्येक घटकावर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट आहेत, त्याला इलाज नाही. म्हणून स्टार्च तसाच वापरण्याऐवजी त्याची साखर करायची, साखरेपासून एखादा छोटा, शुद्ध रेणू मिळवायचा आणि त्या रेणूंची नवी साखळी बांधायची. पीएलए हे त्याचं सगळ्यात रुळलेलं उदाहरण.

साखरेपासून लॅक्टिक आम्ल

ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू मिळतात आणि वजन जमेला जमा बसतं: १८० ग्रॅमचे १८० ग्रॅम. पुढे साखळी बांधताना आम्लाच्या प्रत्येक ९० ग्रॅममागे १८ ग्रॅम पाणी जातं. म्हणजे १ किलो ग्लुकोजपासून कागदावर जास्तीत जास्त ८०० ग्रॅम पीएलए.

आंबवणं करून पाहायचंच असेल तर लिटरला १०० ग्रॅम ग्लुकोज, ५ ते १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ६० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घ्या. लॅक्टोबॅसिलसचं चांगलं विरजण लावून ३७ ते ४० अंशांना दोन दिवस ठेवा. कार्बोनेट कशाला, तर आम्ल तयार होऊन पीएच ५ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावत बंद पडतं आणि बरीचशी साखर तशीच पडून राहते. कार्बोनेटमुळे आम्लाचं कॅल्शियम लॅक्टेट होतं. ते गार झाल्यावर भांड्यातच स्फटिक होऊन बसतं, म्हणून ६० ते ७० अंशांना गरम असतानाच गाळा. मग सल्फ्युरिक आम्लाने लॅक्टिक आम्ल मोकळं करा. खाली बसतं ते जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि त्याचं वजन जवळजवळ आम्लाइतकंच भरतं. कारखान्यांनाही हा ढीग नकोसा होता, त्यातूनच कमी पीएच सोसणाऱ्या यीस्टचा मार्ग पुढे आला.

स्पष्ट सांगायचं तर असं घरचं आम्ल पॉलिमरसाठी वापरू नये. त्यात उरलेली साखर आणि प्रथिनं असतात, ती २०० अंशांना जळून सगळं तपकिरी करतात. शिवाय जिवाणूची जात ठाऊक नसेल तर एल आणि डी या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन्ही रूपांचं मिश्रण मिळतं. शुद्ध एल-पीएलए १७० ते १८० अंशांना वितळतं. साखळीत डी रूप मिसळलं की हा बिंदू झपाट्याने घसरतो, आणि ते दहा-बारा टक्क्यांच्या वर गेलं की पॉलिमर स्फटिक बनवतच नाही. त्यामुळे बाजारातलं ८८ टक्क्यांचं एल-लॅक्टिक आम्ल, उष्णता सोसणाऱ्या शुद्ध दर्जाचं, घेऊन सुरुवात करा.

नुसतं तापवून का जमत नाही

लॅक्टिक आम्लाच्या रेणूला एका टोकाला आम्लगट आणि दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्सिल गट असतो. दोन रेणू जोडले की पाण्याचा एक रेणू सुटतो. साखळीची सरासरी लांबी किती टक्के गट जोडले गेले यावर ठरते: ९५ टक्के जोडले तर लांबी २०, ९९ टक्के झाले तर १००. उपयोगी पीएलएला साखळीत हजाराच्या घरात दुवे लागतात, म्हणजे ९९.९ टक्के. तिथवर पोहोचेपर्यंत वितळलेलं मिश्रण इतकं घट्ट होतं की आत तयार होणारं पाणी बाहेर पडत नाही आणि तेच पाणी नवे बंध तोडत राहतं. तुमचा मधासारखा गोळा म्हणजे दहा-वीस दुव्यांच्या साखळ्या. प्रयोग चुकला नव्हता, निम्म्या वाटेवर थांबला होता.

मार्ग वळसा घालून जातो. या आखूड साखळ्या तोडून दोन-दोन रेणूंची वलयं करायची, त्याला लॅक्टाइड म्हणतात. लॅक्टाइड शुद्ध करायचं आणि मग वलय उघडून साखळी वाढवायची. वलय उघडताना पाणी सुटत नाही, म्हणून साखळी हवी तेवढी लांब होऊ शकते. ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत काम करणाऱ्या वॉलेस करोदर्स यांच्या गटाने अशा वलयांचं रसायन १९३२ मध्येच मांडलं होतं. पाण्यापुढे हात टेकणाऱ्या या पॉलिएस्टरांना तेव्हा कुणी फार विचारलं नाही.

पहिला टप्पा. २५० मिलीच्या तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये ८८ टक्क्यांचं आम्ल १०० ग्रॅम घ्या. ढवळणं, थर्मामीटर, नायट्रोजनचा बारीक झोत आणि साधी ऊर्ध्वपातनाची जोडणी. दोन तास ११० ते १२० अंशांवर आधी मोकळं पाणी जाऊ द्या, ते सुमारे १२ ग्रॅम आहे. मग तापमान १५० ते १६० अंशांवर न्या आणि तीन-चार तासांत दाब पायरीपायरीने ५० मिलीबारपर्यंत उतरवा. घाईने एकदम निर्वात केलं तर फेस उसळून थेट कंडेन्सरमध्ये शिरतो. जमलेलं पाणी वजन करा. साधारण २८ ग्रॅम झालं की साखळी दहा दुव्यांच्या आसपास आहे.

पाण्याच्या वजनावर एकट्यावर विसंबू नका, त्याबरोबर थोडं आम्लही उडून येतं. १ ग्रॅम नमुना २५ मिली ॲसिटोनमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन घालून ०.१ नॉर्मल अल्कोहोली पोटॅशने टायट्रेट करा. प्रत्येक साखळीला एकच आम्लगट असतो, म्हणून १०,००० ला वाचनाच्या मिलीने भागलं की सरासरी रेणुभार मिळतो. १३.५ मिली लागले तर तो ७४० च्या आसपास, म्हणजे दहा दुवे. टायट्रेशन गारच करा आणि पंधरा-वीस सेकंद टिकणारा पहिला गुलाबी रंग धरा. जास्त वाट पाहिली तर पोटॅश साखळ्याच तोडू लागतो आणि रंग पुन्हा पुन्हा उडतो. ७०० ते १५०० रेणुभार योग्य. कमी असेल तर पुढच्या टप्प्यात लॅक्टाइडबरोबर आम्ल येतं, फार जास्त असेल तर घट्ट द्रव तळाशी करपतो.

दुसरा टप्पा, लॅक्टाइड. फ्लास्कमध्ये टिन ऑक्टोएट हा उत्प्रेरक ०.५ टक्के, म्हणजे ७० ग्रॅम मालाला ०.३५ ग्रॅम घाला. १० मिलीबार किंवा त्याहून कमी दाबावर २०० ते २२० अंशांपर्यंत तापवा. सुरुवातीला जे ऊर्ध्वपातित होतं ते पाणी आणि आम्ल, ते वेगळ्या भांड्यात घेऊन बाजूला ठेवा. नंतर जाडसर, गार होताच गोठणारा द्रव येऊ लागतो, ते लॅक्टाइड. एल-लॅक्टाइड साधारण ९७ अंशांना वितळतं आणि इथेच या कामातला सगळ्यात त्रासदायक प्रसंग घडतो: नळाचं गार पाणी फिरवलेल्या कंडेन्सरमध्ये ते गोठून नळी बंद होते. पंपाकडचा दाबमापक छान निर्वात दाखवत राहतो, आणि फ्लास्कमध्ये मात्र दाब वाढत असतो. म्हणून वाफेचा मार्ग आखूड आणि रुंद ठेवा, तो १०० अंशांच्या वर गरम राहील असा हीटिंग टेप गुंडाळा आणि फक्त शेवटचं जमा करायचं भांडं बर्फात ठेवा. त्यानंतर कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफा गोठवून अडवणारं अतिथंड भांडं, असलाच पाहिजे, नाहीतर पंपाच्या तेलात आम्ल जातं. थेंब अचानक थांबले तर तापमान वाढवू नका, आधी नळी हॉट एअर गनने मोकळी करा. सगळं फ्यूम हूडमध्ये, समोर सुरक्षा पडदा लावून.

शेवटचा दहावा भाग फ्लास्कमध्येच सोडा. तो ओढून काढायच्या नादात डांबर करपतं, पिवळा रंग पलीकडे येतो, आणि जास्त वेळ तापल्याने एल रूपाचं डी होऊन मेसो-लॅक्टाइड (एक एल आणि एक डी रेणूचं वलय) वाढतं.

८८ ग्रॅम आम्लापासून कागदावर ७० ग्रॅम लॅक्टाइड. कच्चं ५० ग्रॅम मिळालं तर हात बसला म्हणायचं. ते साधारण तेवढ्याच वजनाच्या कोरड्या इथाइल ॲसिटेटमध्ये ७० अंशांना विरघळवा, सावकाश गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि स्फटिक गाळून घ्या. हे दोनदा, शक्य तर तीनदा. मेसो-लॅक्टाइड ५३ अंशांच्या आसपास वितळतं आणि द्रावकात जास्त विरघळतं, त्यामुळे ते गाळलेल्या द्रावात निघून जातं. हाती ३० ते ३५ ग्रॅम उरेल. एवढी घट पाहून एक फेरी वाचवायचा मोह होतो, पण मग पुढे रेणुभार मिळत नाही.

का मिळत नाही, ते आकड्यांत बघा. लॅक्टाइडमधला पाण्याचा प्रत्येक रेणू आणि आम्लाचा प्रत्येक रेणू एक नवी साखळी सुरू करतो. १०० ग्रॅम लॅक्टाइडमध्ये फक्त ०.०२ ग्रॅम पाणी असलं, तरी ते १.१ मिलिमोल होतं आणि सरासरी रेणुभार ९०,००० च्या वर जाऊच शकत नाही. ०.१ ग्रॅम असेल तर कमाल १८,०००, म्हणजे बोटांनी चुरडणारा माल. म्हणून स्फटिक निर्वात डेसिकेटरमध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडवर किमान एक दिवस ठेवा आणि वितळबिंदू पाहा. ९५ ते ९८ अंशांत तो एकदम वितळला पाहिजे. ८५ पासूनच ओलावायला लागला तर पुन्हा एक फेरी.

तिसरा टप्पा. २० ग्रॅम लॅक्टाइड, ज्वालेवर तापवून निर्वातात गार केलेल्या काचनळीत घ्या. उत्प्रेरक टिन ऑक्टोएट, ५००० लॅक्टाइड रेणूंना एक, म्हणजे ११ मिलिग्रॅम. एवढा चिकट द्रव थेट तोलता येत नाही, म्हणून ०.५ ग्रॅम उत्प्रेरक कोरड्या टोल्युईनमध्ये विरघळवून ५० मिली द्रावण करा आणि त्यातलं १.१ मिली टाका. टोल्युईन निर्वाताने काढा, नायट्रोजन भरून काढण्याची क्रिया तीनदा करा, नळी बंद करा. साखळीची लांबी हवी तशी ठरवायची असेल तर लॉरिल अल्कोहोल मोजून घाला, त्याचाही प्रत्येक रेणू एक साखळी सुरू करतो. ५०,००० रेणुभारासाठी २० ग्रॅमला ७४ मिलिग्रॅम. ऑइल बाथ १३० अंशांवर ठेवली तर एक दिवस लागतो, १८० वर एक-दोन तास. घाई नसेल तर १३०, रंग चांगला येतो.

क्रिया शंभर टक्के कधीच पूर्ण होत नाही. गरम द्रवात पॉलिमर आणि लॅक्टाइड यांचा समतोल असतो, १८० अंशांच्या वर काही टक्के लॅक्टाइड उरतंच. ते ठेवलं तर वस्तू मऊ पडते, पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते आणि दमट हवेत त्याचं आम्ल होऊन साखळ्या कुरतडते. प्रयोगशाळेत उपाय सोपा: डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून दहापट गार मिथेनॉलमध्ये बारीक धारेने ओता. पांढरे तंतू आले तर रेणुभार बरा आहे. दुधाळ गढूळपणा किंवा पीठ आलं तर तो कमी आहे, मिथेनॉल बदलून काही होणार नाही. कारखान्यात हे लॅक्टाइड निर्वाताने ओढून काढतात आणि उत्प्रेरक निष्क्रिय करतात, नाहीतर पुढे वितळवताना तोच उलट्या दिशेने कामाला लागतो.

दोन दिवसांनीही नळीत वितळलेलं लॅक्टाइडच दिसत असेल तर पहिला संशय उत्प्रेरकाच्या बाटलीवर घ्या. वारंवार उघडलेलं टिन ऑक्टोएट हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने मरतं. दुसरा संशय लॅक्टाइडमध्ये उरलेल्या आम्लावर.

वितळवताना पुन्हा तेच

तयार पीएलए विकत आणून साचा किंवा फिल्म करणाऱ्यांचीही सगळ्यात मोठी चूक पाण्याचीच असते. एक लाख रेणुभाराच्या १०० ग्रॅम पीएलएमध्ये साखळ्या १ मिलिमोल. त्यात २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५० भाग) पाणी म्हणजे १.४ मिलिमोल, आणि पाण्याचा प्रत्येक रेणू एक साखळी तोडू शकतो. सगळं पाणी क्रियेत उतरलं तर रेणुभार निम्म्याच्याही खाली. मशीनमध्ये काही मिनिटंच जात असल्याने तेवढं होत नाही, म्हणून २५० पीपीएम ही चालणारी कमाल मर्यादा धरतात. उघड्या पोत्यातल्या दाण्यांत ओलावा हजारो पीपीएमवर जातो. स्फटिक झालेले दाणे ८० अंशांना, उणे ४० दवबिंदूच्या कोरड्या हवेत किमान चार तास वाळवा. पारदर्शक, अस्फटिक दाणे मात्र ४५ ते ५० अंशांनाच, जास्त वेळ. साध्या ओव्हनमध्ये ८० वर टाकले तर त्यांची एकसंध वीट होते. मशीनचं बॅरल, म्हणजे दाणे वितळवणारी नळी, १९० ते २१० अंश पुरे. तोंडातून येणारा माल पाण्यासारखा वाहू लागला तर तापमान कमी करत बसण्याआधी दाण्यांचा ओलावा मोजा.

पीएलएची ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे कडक पॉलिमर मऊ पडू लागण्याचं तापमान, ५५ ते ६० अंशांवर आहे, म्हणून गरम पेय ओतलं की पेला वाकडा होतो. उपाय म्हणजे थोडी टाल्क पावडर घालून १०० ते ११० अंशांच्या गरम साच्यात स्फटिक होऊ देणं. ठिसूळपणा कमी करायला पीबीएटी हे लवचिक पॉलिएस्टर मिसळतात किंवा साखळ्या मऊ करणारं सायट्रेट एस्टर घालतात. सायट्रेटने लवचिकता येते पण उष्णतेची मर्यादा आणखी खाली जाते. दोन्ही एकदम मिळत नाही.

बाकीचे मार्ग, थोडक्यात

ऊस आणि इतर पिकांच्या इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करतात आणि त्याचं पॉलिइथिलीन. हे नेहमीच्या पॉलिइथिलीनसारखंच, मातीत जिरत नाही. उगम वनस्पतीचा असणं आणि शेवटी कुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, बाजार त्या मुद्दाम गोंधळात ठेवतो असं वाटण्याइतपत त्या मिसळल्या जातात. एरंडेलापासून नायलॉन ११ होतं, फार चिवट आणि तेही न कुजणारं. फ्रुक्टोजमधून पाणी काढून एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल) आणि पुढे पीईएफ हे पॉलिएस्टर करतात. वायू अडवण्यात ते बाटल्यांच्या पीईटी प्लॅस्टिकपेक्षा सरस आहे, पण एचएमएफ पाण्यात टिकत नाही: त्याचं लेव्हुलिनिक आणि फॉर्मिक आम्ल होतं आणि उरलेलं काळ्या चिखलात जातं. पीएचए या गटातली पॉलिएस्टर तर जिवाणूच पोटात साठवतात. फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मॉरिस लेमोइन यांनी १९२० च्या दशकात त्यातलं पीएचबी ओळखलं. ते १७५ ते १८० अंशांना वितळतं आणि त्याच्या जरा वरच तुटू लागतं, त्यामुळे वितळवायला जागाच फार थोडी राहते.

कुजण्याबद्दल विचारलं नव्हतं, पण विचारलं जाईलच. घरच्या खड्ड्यात पीएलए वर्षभरानंतरही तसंच निघतं. औद्योगिक कंपोस्टमध्ये ५८ अंश तापमान असतं आणि ते ग्लास ट्रान्झिशनच्या सीमेवर आहे. तिथे साखळ्या हलू लागतात, पाणी आत शिरून त्यांचे तुकडे करतं आणि ते पुरेसे लहान झाले की मगच सूक्ष्मजीव खातात. कंपोस्टेबलचा शिक्का देणाऱ्या ईएन १३४३२ या मानकात ६ महिन्यांत मालातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होण्याची अट आहे, तीही या उष्ण परिस्थितीत मोजलेली.

आणि तुमचा तो चिकट गोळा फेकू नका. टायट्रेशनने रेणुभार पाहा. ७०० ते १५०० मध्ये असेल तर तो दुसऱ्या टप्प्याचा तयार कच्चा माल आहे, कमी असेल तर आणखी दोन तास निर्वातात ठेवा. पुढे तिसऱ्या टप्प्यात कमी रेणुभाराचा पॉलिमर निघाला तरी हेच: २ टक्के पाणी घालून बंद नळीत १६० अंशांना काही तास ठेवा, साखळ्या आखूड झाल्या की थोडं ताजं टिन ऑक्टोएट घालून पुन्हा लॅक्टाइड ओढून काढा. रंग आलेला असला तरी तो डांबरात मागे राहतो, स्फटिक पांढरेच येतात.